डोळे मिचकावा, तानाबाई!

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ते तलावातल्या गाळासारखे साचतात. दर उन्हाळ्यात आपण घमेल्यांनी उपसायचे, तलाव किती खोल झाला म्हणून फोटो काढायचा, आणि पावसाळा सरला की तळाशी पुन्हा तेवढाच गाळ!

मी ग्रामरोजगार सेवक आहे. गावात रोजगार हमीचं काम निघालं की मजुरांची नावं घ्यायची, हजेरी लावायची, वरून आलेल्या साहेबांना पाणी द्यायचं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. आमचं गाव कुरखेड्याहून बरंच आत, जंगलाला पाठ लावून बसलेलं. तिथे मला नावानं कोणीच हाक मारत नाही. लहानथोर सगळे म्हणतात, रोजगारभाऊ. बायको चिडली की तीही म्हणते, "रोजगारभाऊ, कधी घरचीही हजेरी लावत जा!"

माझ्या जोडीला सुनंदा. ती कामावरची मेट, म्हणजे मुकादमच म्हणा. बौद्ध मोहल्ल्यातली पोरगी, डी.एड. झालेली, मास्तरकीची वाट बघत बसलेली. वाट बघता बघता मजुरांचे फोटो काढायला लागली. जीभ अशी की कात्रीला लाजवेल. मला भाऊ म्हणते, पण ऐकत माझं कधीच नाही.

आता जे सांगतो ते सगळं एकाच तलावावरचं आहे. गावाबाहेरच्या आमच्या मामा तलावावरचं. मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळचा, म्हणून माजी मालगुजारी, म्हणून मामा. सगळ्या गावाचा मामा!

*

या योजनेचा पहिला नियम असा की सरकार काम देतं, पण आपण मागितलं तरच. त्याला सरकारी भाषेत 'कामाची मागणी' म्हणतात. आणि आमच्याकडे मागणी म्हणजे सोयरीक. मुलीच्या घरी जाऊन घालतात ती.

त्या वर्षी काम सुरू करायचं होतं आणि सरपंचांनी सांगितलं, भोंग्यावरून कळव. मी माइक हातात घेतला. भोंग्यासमोर उभं राहिलं की माणसाला आपण फार मोठे झालो असं वाटतं. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "ज्यांना ज्यांना मागणी घालायची आहे त्यांनी उद्या सकाळी समाजमंदिरात यावं! येताना आधार कार्ड आणि पासबुक आणावं! जो आधी येईल त्याला प्राधान्य!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायला गेलो तर पायरीवर सोमा बसलेला. चाळिशीला आलेला, लग्न न जुळलेला सोमा. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, आणि सोबत पागोटं बांधून त्याचा मामा.

"सोमा, कामावर येतोस ना?" मी विचारलं.

मामानं पिशवीतून पासबुक काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, "पोट्टा कामाले मांगंपुढं पाह्यत नाई भाऊ. पन आदी पोरगी कुठची ते सांगा!"

सोमा कामावर राहिला, हे त्याचं मोठेपण. आजही फावडं चालवायला त्याच्यासारखा गडी नाही. सुनंदा मात्र सोडत नाही. काम मंजूर होऊन आलं की त्याला म्हणते, "सोमाभाऊ, तुमची मागणी मंजूर झाली. बायको तेवढी वरून यायची बाकी आहे!"

*

याच मागणीपायी देवाजीभाऊ अडून बसले होते. देवाजीभाऊ म्हणजे गावातलं जुनं खोड. अंगानं वाळलेले, पण ताठ. धानाची दीड बांधी, म्हणजे दीड खाचर शेती आणि डोंगराएवढा स्वाभिमान.

"मी जिंदगीत कोनाले काई मांगतलं नाई," ते म्हणाले. "सरकारले मांगू? सरकारले गरज असंल तं त्यानं बलवावं. मी येतो."

मी नियम समजावून सांगितला. अर्ज नसेल तर काम नाही. ते म्हणाले, मग नको काम. त्यांच्या म्हाताऱ्या बायकोनं आतून माझ्याकडे असं पाहिलं की माझं मलाच वाईट वाटलं. घरात चार पैसे यायचा तो एकच रस्ता होता.

सुनंदानं यावर उपाय काढला. अर्ज तिनेच भरला आणि त्यावर अंगठा घ्यायला जाताना हळदीत कालवलेल्या अक्षता घेऊन गेली. लग्नाचं बोलावणं करतात तशा उंबरठ्यावर ठेवल्या आणि म्हणाली, "देवाजीभाऊ, उद्यापासून मामा तलावावर काम हाये. सरकारनं तुमाले सहकुटुंब, सहपरिवार बलवलं हाये. हे निमंत्रण पोचल्याचा अंगठा द्या."

म्हातारा खूश! अंगठा दिला. दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, टिकास खांद्यावर टाकून सगळ्यांच्या आधी हजर. उन्हं चढेपर्यंत तरण्या पोरांच्या बरोबरीनं खणलं. दुपारी सगळे आपापली शिदोरी सोडून बसले, तर देवाजीभाऊ हात धुऊन, पळसाच्या सावलीत मांडी घालून नुसतेच बसलेले.

मी म्हटलं, "देवाजीभाऊ, डबा नाही आणला?"

ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "डबा? बलवलं हाये म्हनता, अन् पंगत कुठी हाये?"

त्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या डब्यातलं थोडं थोडं त्यांच्या पळसपानावर वाढलं. खरंच पंगत झाली. आंबाडीची भाजी तर चार घरची होती.

*

मग आला चेहऱ्याचा नियम.

आधी नुसता घोळक्याचा फोटो चालायचा. मग वरून हुकूम आला की प्रत्येक मजुराचा चेहरा फोननं ओळखला पाहिजे. फोन तोंडासमोर धरायचा, मजुरानं डोळे मिचकावायचे, मग फोन आधारमधल्या फोटोशी तोंड ताडून बघणार आणि हिरवी खूण दाखवणार. याचं सरकारी नाव केवायसी. मिचकावायचे कशाला, तर समोर जिता माणूस आहे की कोणी नुसता फोटो धरून उभा आहे, हे फोनला कळावं म्हणून. महिनाअखेरपर्यंत ज्याची हिरवी खूण होणार नाही त्याचं नाव कामावरून गळणार.

पुरुषांचं पटापट झालं. देवाजीभाऊंनी फोनला आधी रामराम घातला, मग डोळे मिचकावले. सोमानं भांग पाडून घेतला. माझा जीव अडकला तो तानाबाईत.

तानाबाई माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ माझ्याहून एखाद्या पावसाळ्यानं लहान होता, गेला बिचारा. मुलगी लग्न होऊन दूर दिली. शेत नाही. धानाच्या रोवणीचे आणि कापणीचे दिवस सोडले तर तानाबाईची चूल या तलावावरच पेटते. तिचं नाव गळलं तर तिनं उन्हाळा काय खाऊन काढायचा, हा प्रश्न मला झोपेतही सुटत नव्हता.

आणि घोळ असा की मी तिचा भासरा!

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे सून भासऱ्यासमोर तोंड उघडं टाकत नाही, त्याच्याशी बोलत नाही, तो बसला असेल त्या बाजेला हात लावत नाही. भासऱ्यानंही रीत पाळायची. घरात शिरताना उंबरठ्यावर मोठ्यानं खाकरायचं. ते खाकरणं कानी पडलं की आतल्या सुनांचे डोळे खाली आणि पदर पुढे. तानाबाई लग्न होऊन आली तेव्हा माझी मिशी काळीभोर होती. आज माझे केस पांढरे झाले, पण तिचं तोंड मी पाहिलेलं नाही. तिचा आवाज ओळखतो, तोही दुसऱ्यांशी भांडतानाचा.

आता हिच्या तोंडासमोर मी फोन धरायचा आणि म्हणायचं, डोळे मिचकाव!

मी फोन घेऊन चार पावलं पुढे गेलो. तानाबाईनं पदर असा ओढला की पार हनुवटीच्या खाली. मी तसाच फोन धरला. फोननं जरा विचार केला आणि पाटी दाखवली, 'चेहरा आढळला नाही.'

मागून देवाजीभाऊ म्हणाले, "त्या फोनचं काऊन चुकलं? तुले तरी कुठी आढळला आतापावतो!"

*

त्याच आठवड्यात नवे साहेब पाहणीला आले. पुण्याकडचे. तरुण, सज्जन, आणि मराठी अशी शुद्ध की ऐकताना आपण बूट घालून यायला हवं होतं असं वाटावं.

तलावाच्या पाळीवर उभं राहून त्यांनी सगळीकडे नजर टाकली आणि देवाजीभाऊंना विचारलं, "काका, या कामाची धुरा कोण सांभाळतं?"

आता आमच्याकडे धुरा म्हणजे शेताचा बांध. दोन वावरांमधला. दुसरा अर्थ देवाजीभाऊंच्या सात पिढ्यांना माहीत नाही.

देवाजीभाऊ म्हणाले, "धुरा कोन सांभाळंल साहेब? तो जागच्या जागी राह्यते."

साहेब हसले. "तसं नव्हे. धुरा कोणाच्या खांद्यावर आहे?"

"खांद्यावर?" देवाजीभाऊ दोन पावलं मागे सरकले. "बाप्पा! मातीचा धुरा कोन खांद्यावर घेईल? तुमच्याकडं घेतेत का?"

सुनंदा पदर तोंडात कोंबून पाठमोरी झाली. मी मधे पडलो, साहेबांना अर्थ सांगितला. साहेब मनमोकळं हसले, बरं वाटलं. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "छान काम आहे. तुम्ही एकटे एवढी मोठी धुरा सांभाळता!"

साहेबांची गाडी वळली न वळली तोच देवाजीभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याच्याजवळ तं वावरच नाई. धुरा कुठचा आला!"

गाडीत बसण्याआधी मी साहेबांना बाजूला घेऊन तानाबाईचं सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "मला समजतंय. पण हे माझ्या हातात नाही हो, यंत्राला भासरा कळत नाही." माणूस चांगला होता, म्हणूनच मला जास्त धास्ती वाटली. वाईट साहेब नाही म्हणाला तर त्याच्या वरच्याकडे जाता येतं!

*

मग ठरलं की फोन सुनंदानं धरायचा. पण चेहऱ्याचं ॲप उघडतं माझ्याच फोनवर, आणि मधेच बंद पडलं की पुन्हा माझा पासवर्ड मागतं. तो मी सुनंदाला सांगायला तयार होतो. तीच म्हणाली, "नको भाऊ, उद्या कायी झालं तं नाव माझं येईल." बरोबरच होतं. म्हणून मला हाकेच्या अंतरावर थांबावं लागे.

शिवाय रेंज. आमच्या गावात रेंज एकाच जागी येते, तलावाच्या पाळीवरच्या मोठ्या मोहाच्या झाडाखाली. गावातली सगळी लग्नं, भांडणं आणि परीक्षेचे निकाल त्याच मोहाखाली कळतात.

सुनंदानं तानाबाईला मोहाखाली बसवलं. मी लांब, पाठ करून उभा. तानाबाईनं पदर वर केला, फोन समोर आला, आणि तिनं डोळे असे ताणले की बाहुल्या बाहेर पडतात की काय! पापणी हलेना.

"काकू, डोळे मिचकावा," सुनंदा म्हणाली.

"काऊन व?" तानाबाई डोळे न हलवता ओरडली. "मांगं आधारच्या वक्ताले त्या पोट्ट्यानं मले लगित झापलं. म्हने, डोळे मिटू नको बाई, मिटले तं कार्ड येत नाई! तवा मिटू नको म्हनत होते, आता मिट म्हनून राह्यले. सरकारचं एक कायतरी ठरवा ना!"

"अवो काकू, तवा डोळ्याचा फोटो काढाचा होता. आता तुमी जित्या हा का नाई ते पाहाचं हाये."

"मंग मले इचारा ना! मी सांगतो, जिती हावो म्हनून!"

फोन बंद पडला. मी पाठमोराच चालत आलो, हात मागे करून फोन घेतला, पासवर्ड घातला, हात मागे करून परत दिला. पुन्हा तेच. सुनंदानं तोंडावर फुंकर मारून पाहिली. पदरानं वारा घातला. तोंडासमोर टाळी वाजवली. तानाबाईचे डोळे टक्क उघडे. आधारच्या त्या पोरानं काय जरब बसवली होती कोण जाणे!

शेवटी सुनंदा वैतागली. "अवो, मिचकावा ना! हे असे!" आणि तिनं करून दाखवलं. घाईत एकच डोळा मिटला.

तानाबाईनं सटकन पदर ओढला. "सुनंदा! चावट कुठची! या उमरीत मी डोळा मारू? अन् तेही तिकडं भासरा उभा असताना?"

सगळ्या बाया खो खो हसल्या. मलाही हसू आवरलं नाही. पण हसता हसता मी बोटांवर दिवस मोजत होतो, कारण महिना सरत आला होता. आणि तानाबाई एकटीच नव्हती. तिच्याएवढ्या आणखी चारपाच जणी होत्या, साऱ्या माझ्याच भावकीतल्या सुना, साऱ्यांचा आधार त्याच पोरानं काढलेला. त्याही अशाच डोळे ताणून बसायच्या.

*

मधे एक वाघाचा प्रकार झाला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

घोळक्याचा फोटो दुपारी ठरल्या वेळेत चढवावाच लागतो. नाही चढवला तर गैरहजेरी. त्या दिवशी जेवणं आटोपून लोक उठत होते, तेवढ्यात सोमा तलावाच्या पलीकडे बोट दाखवून ओरडला. बांबूच्या रांजीतून, म्हणजे बेटातून, पट्टेवाला निघाला आणि निवांत पाण्याकडे चालू लागला. आपल्याच घरचं तळं असल्यासारखा!

फावडी तिथेच पडली. माणसं झाडांवर. देवाजीभाऊ सगळ्यांत म्हातारे, ते मोहावर सगळ्यांत वर होते. मी कसा चढलो ते मला अजून सांगता येत नाही. वाघ पाणी प्याला, आमच्याकडे एकदा बघितलं आणि गेला. पण खाली उतरायची कोणाची हिंमत होईना. आणि फोटोची वेळ तर टळत चाललेली!

सुनंदानं समोरच्या फांदीवरून फोटो काढला आणि चढवूनही दिला. मोहावर रेंज होतीच.

संध्याकाळी मोहाखालीच होतो, तोच वरून फोन आला. पुण्याकडचे साहेब नव्हेत, त्यांच्या कचेरीतले दुसरे कोणी. "अहो, हे तुमचे मजूर काम सोडून झाडावर काय करतायत?"

मी म्हटलं, "साहेब, कामाच्याच जागेवर होते. फक्त जरा उंचावर. खाली वाघ होता."

"वाघ होता, तर फोटोत वाघ दिसत का नाही?"

फोन स्पीकरवर होता. मी काही बोलायच्या आत सुनंदा म्हणाली, "साहेब, त्याची केवायसी व्हायची आहे!"

पलीकडे कोणीतरी हसल्याचा आवाज आला आणि फोन ठेवला गेला. त्या दिवसाची हजेरी कोणाचीच कापली गेली नाही. त्या रात्री गावात प्रत्येक घरी वाघाची उंची वेगळी होती.

*

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. हिरव्या खुणेविना फक्त तानाबाई आणि त्या चारपाच सुना उरल्या होत्या.

सकाळीच तानाबाई माझ्या बायकोकडे येऊन गेली होती. बायकोनं मला नंतर सांगितलं. म्हणाली, तानाबाई जरा वेळ पाटावर बसली. उठताना एवढंच म्हणाली, "मी फुकटचं मांगून नाई राह्यली बाई. मले माती वाहू द्या म्हनून राह्यली." हे ऐकलं आणि मी सकाळचा चहा तसाच ठेवून उठलो. माणूस काम करायला तयार आहे, काम समोर पडलं आहे, आणि मधे एक पापणी आडवी!

दुपारी सगळ्या जणी मोहाखाली जमल्या. मी मोहाच्या दुसऱ्या अंगाला, बुंध्याला पाठ लावून बसलो. बुंधा असा की दोघांच्या कवेत येत नाही, म्हणजे रीतही सांभाळली जात होती आणि फोनही हातावर होता. सुनंदानं तानाबाईला समोर बसवलं. पदर वर. फोन समोर. डोळे टक्क!

"मिटा ना काकू," सुनंदा आता विनवायला लागली होती. "एकच डाव."

"मी का करू व! मिटतच नाई! फोन दिसला का डोळे आपोआप ताठतेत!" तानाबाईचा आवाज रडवेला झाला होता.

फोन बंद. पासवर्ड. पुन्हा फोन बंद. पुन्हा पासवर्ड. देवाजीभाऊसुद्धा गप्प होते, यावरून काय ते समजा.

मला काही सुचेना. अशा वेळी आमच्याकडचा माणूस जे करतो ते मी केलं. खिशातून खर्ऱ्याची पुडी काढली आणि मोठी चिमूट तोंडात टाकली. घाईत तंबाखूसुपारीचा तो बुकणा थेट नरड्यात गेला. असा ठसका लागला की विचारू नका. आवरायला गेलो तर उलट मोठ्यानं, घसा फोडून खाकरलो.

बुंध्याच्या पलीकडे एकदम बांगड्या वाजल्या. मी कपाळावर हात मारला. गेलं! आता हिनं पदर ओढला, पुन्हा पहिल्यापासून!

आणि सुनंदा किंचाळली, "झालं! भाऊ, झालं! हिरवं झालं! पदर मांगून आला, डोळे आदी मिटले!"

बाया ओरडायला लागल्या. कोणी टाळ्या पिटल्या. सोमानं तलावात उभ्या उभ्या फावडं वर नाचवलं. मी बुंध्याला टेकून तसाच बसून राहिलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कोणी विचारलंच असतं तर खर्ऱ्याचं आहे म्हणून सांगणार होतो.

गलका जरा निवला. मग पलीकडून आवाज आला. तानाबाईचा. बोलत सुनंदाशी होती, पण एवढ्या मोठ्यानं की ते माझ्यासाठीच होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"सांग व त्याईले," तानाबाई म्हणाली, "इथीच बसून राहा म्हना. अन् आनखी खाकरा म्हना. बाकीच्या सुना रांगेत हायेत!"

त्या दुपारी तलावाची मोजमापं घ्यायला आमचे इंजिनीअर साहेब मोटरसायकलवरून आले. पाहतात तो मी मोहाखाली बुंध्याला पाठ लावून बसलेलो, आणि पलीकडून सुनंदानं "हां भाऊ!" म्हटलं की खाकरतोय. पुन्हा "हां भाऊ!" पुन्हा खाकरतोय.

ते गाडी उभी करून काळजीनं जवळ आले. "काय हो रोजगारभाऊ, तब्येत बरी नाही का?"

मी हातानंच त्यांना थांबवलं, घसा साफ केला आणि म्हणालो, "जरा मागे उभे राहा साहेब. ड्युटीवर आहो!"